चार मिलिमीटर

लग्नाला सत्तावीस वर्षे झालेल्या गृहस्थाने आपल्या बायकोला तिचे वजन कसे विचारावे, यावर कोणी एखादे छोटेखानी पुस्तक लिहिले असेल तर ते मला हवे आहे. बायकांच्या वयाबद्दल बोलू नये हा शिष्टाचार आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतो. वजनाचा मामला त्याहून नाजूक. आणि मला ते ज्या कारणासाठी हवे होते ते कारण सांगितले असते, तर प्रकरण अधिकच चिघळले असते. मला ते मोटरसायकलच्या पुढच्या स्प्रिंगांसाठी हवे होते.

पण हे जरा मुळापासूनच सांगितले पाहिजे.

माझ्याकडे २०१२ सालची एक बुलेट आहे. साडेतीनशे सी.सी.ची, काळी, आणि आमच्या चरईतल्या सोसायटीच्या मते जागा अडवणारी. ती घेतली तेव्हा मुलगी शाळेत होती. रविवारी सकाळी तिला चित्रकलेच्या वर्गाला सोडायचे आणि आम्ही दोघांनी येऊरच्या वळणांवरून एक फेरी मारून यायचे, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. कधी घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत, आणि एकदा पावसाळ्यात हिंमत करून थेट माळशेज घाटापर्यंत. ही मागे बसली की माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवी, आणि त्या हाताच्या दाबावरून मला गाडीचा वेग कळे. काटा बघायची गरज नसे.

गेल्या वर्षीच्या जुलैत तो हात खांद्यावरून उठला, तो पुन्हा आला नाही.

कासारवडवलीला मेहुणीकडे जेवून आम्ही परत निघालो होतो. रात्रीचे साडेदहा. पाऊस नुकताच थांबला होता. मानपाडा ओलांडला आणि पुढे रस्ताभर पाणी. पाणी साचले की खड्डा आणि रस्ता एका पातळीवर येतात. उच्चनीच भाव म्हणून उरत नाही. चाक आत गेले. पुढून खट् असा आवाज आला. तो मी अजून विसरलेलो नाही. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज होता. हँडल हातात थरथरले, गाडी डावीकडे कलली आणि आम्ही दोघे आडवे. वेग फार नव्हता. मला खरचटलेसुद्धा नाही. हिने मात्र पडताना साहजिकच हात पुढे केला आणि सगळा भार मनगटावर घेतला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून मागची वाहने थोपवली, हिला उचलून बसवले, आणि भाड्याचे नाव काढले नाही. अशी माणसे असतात म्हणून हे शहर चालते.

सहा आठवडे प्लास्टर होते. त्या सहा आठवड्यांत मी पोळ्या करायला शिकलो, ही या प्रकरणातली एकमेव जमेची बाजू. ही मला एका शब्दाने बोलली नाही. प्लास्टर निघाल्यावरच्या रविवारी मी किल्ली हातात घेऊन उगीच घुटमळलो, तेव्हा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षानं येते." झाले. तेव्हापासून वर्षभर मी पुढे होत होतो आणि ही रिक्षाने येत होती. एकाच लग्नाला, एकाच नाटकाला, एकाच घरातून आम्ही दोन वाहनांनी जात होतो.

पडल्याची गोष्ट जो विचारेल त्याला मी सांगत असे. तिच्यात आरोपी एकच असे, तो म्हणजे खड्डा. पण खड्ड्याला शिक्षा करता येत नाही. तो आपला आपण बुजतो आणि पुढच्या पावसात चार हात पलीकडे पुन्हा जन्म घेतो. तेव्हा मी दुसरा आरोपी शोधला. तो म्हणजे गाडीचे पुढचे शॉकअप.

शॉकअप हा शब्द कोशात शोधत बसू नका. इंग्रजीतल्या शॉक ॲब्सॉर्बरचे हे आपल्या गल्लीबोळांतल्या मेकॅनिकांनी केलेले सुटसुटीत रूप आहे. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ज्या दोन नळ्या हँडलपर्यंत गेलेल्या दिसतात, ते पुढचे शॉकअप. नळीत नळी, आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल, एवढाच मामला. पण एवढे सुचायलाही काळ जावा लागला. जुन्या गाड्यांना पुढे लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि बाहेरून दिसणारी एक स्प्रिंग असे. नळीत नळी आणि आत तेल ही रचना कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवर पहिल्यांदा आणली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू.ने, १९३५ साली. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडातल्या बुलेटने ती घेतली, आणि १९५५ पासून मद्रासला बुलेट जुळू लागल्या तेव्हा ती आपल्याकडे रुळली. आमच्या शेजारच्या मुलुंडलाच १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल कंपनीचा शॉक ॲब्सॉर्बरचा कारखाना उभा राहिला. माझ्या वडिलांच्या पिढीला मात्र धक्का खाणारी वस्तू म्हणजे टांग्याचे पाटेच ठाऊक. त्यात तेलबिल काही नाही. पाट्यावर पाटा घासायचा आणि त्या घासण्यातच धक्का जिरायचा.

हे सगळे ज्ञान मी त्या एका वर्षात मिळवले. माणसाला अपराधी वाटू लागले की तो अभ्यासू होतो.

अभ्यासाअंती माझा निष्कर्ष असा की गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. नुसत्या बदलायच्या नाहीत, तर बाहेरच्या कंपनीच्या, चढत्या ताकदीच्या बसवायच्या. साध्या स्प्रिंगेची वेटोळी सारख्या अंतरावर असतात. या स्प्रिंगांत एका टोकाला वेटोळी दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. लहान धक्क्याला दाट भाग हलकेच दबतो. धक्का मोठा असला की दाट वेटोळी एकमेकींवर टेकतात आणि मग उरलेला भाग अधिकाधिक नेटाने विरोध करतो. म्हणजे खडीवर गादी आणि खड्ड्यात पाट. मला ही कल्पना फार आवडली. ऑपेरा हाउसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथे दोन शनिवार हिंडून मी एक जोडी मिळवली. किंमत घरात सांगितली ती निम्मी होती.

आमचे एक मेहुणे वकील आहेत. त्यांनी स्प्रिंगा पाहताच मोटर वाहन कायद्याचे ५२वे कलम काढले. कंपनीने जशी गाडी घडवली आणि पुस्तकात जशी नोंद झाली तिच्याशी विसंगत बदल करता येत नाही, २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे, वगैरे. मी म्हटले, "अहो, नळीच्या आत बसणारी स्प्रिंग आहे ही. लांबी, उंची, इंजिन, कशाकशाला धक्का लागत नाही." ते म्हणाले, "धक्का लागू नये म्हणूनच तर बसवतोयस ना?" वकिलाशी वाद घालू नये.

स्प्रिंगांबरोबर एक इंग्रजी चिठोरे आले होते. त्यावर एक तक्ता होता. चालवणाऱ्याचे वजन अमुक, मागे बसणाऱ्याचे वजन तमुक, तर स्प्रिंगेवर किती लांबीचा तुकडा ठेवून ती आधीच किती दाबून बसवायची, ते त्यात दिले होते. माझे वजन मला माहीत होते. दुसरा रकाना रिकामा राहिला.

विचारायचे धाडस झाले नाही. धान्याचा काटा आणि आम्ही दोघे, असा काही विनोदी प्रसंग घडवून आणावा असेही मनात आले. शेवटी एका दुपारी ही बाहेर गेली असता मी कपाटातली तिची फाइल काढली. हाडांच्या डॉक्टरांच्या पहिल्या कागदावर वजन असणारच. होते. ६१ किलो. मी ते तक्त्यात लिहून घेतले आणि फाइल मिटणार, तोच त्याच्या खालची ओळ दिसली. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिले होते: दुचाकीवरून पडून, मागे बसलेली असताना. एका ओळीत आमचा सगळा प्रसंग. त्यात खड्ड्याचा उल्लेख नव्हता.

फाइल मी जागेवर ठेवली.

टेंभी नाक्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमच्या मिस्त्रींचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक गाळा, त्यात एक गाडी मावते. बाकीच्या चार बाहेर. मिस्त्रींचे वय पासष्टच्या पुढचे. नजर अधू झाली आहे, पण नट हातात घेऊन आट्यांवरून बोट फिरवतात आणि माप सांगतात. मी नवरात्राच्या आठ दिवस आधी गाडी नेली, कारण टेंभी नाक्याची देवी बसली की तिकडे वाहन नेण्याची सोय राहत नाही. आनंद दिघ्यांनी १९७८ साली सुरू केलेला तो उत्सव. त्या दिवसांत नाक्यावर माणसालाच शिरायला वाव नसतो, तिथे बुलेटला कोण विचारतो?

मिस्त्रींनी स्प्रिंग हातात घेतली, वळवून पाहिली, जमिनीवर उभी केली. मग एकच प्रश्न विचारला.

"साहेब, सिंगल चालवणार का डबल?"

आता याचे खरे उत्तर सिंगल हे होते. वर्षभर मी सिंगलच चालवीत होतो. पण तोंडातून निघाले, "डबल."

"मग ठीक," ते म्हणाले आणि पोऱ्याला पाने काढायला सांगितले.

इंजिनाखाली जॅक लावून पुढचे चाक अधांतरी केले. वरच्या टोप्या आधी सैल करून घेतल्या, कारण नळी एकदा मोकळी झाली की टोपी फिरवायला पकड मिळत नाही. मग ब्रेक, चाक, मडगार्ड, आणि शेवटी दोन्ही शॉकअप हातात आले. खालचा स्क्रू काढून मिस्त्रींनी एक नळी पत्र्याच्या डब्यात रिकामी केली. जे बाहेर आले त्याला तेल म्हणणे हा तेलाचा अपमान होता. राखेचे पाणी म्हणा. त्यात चंदेरी भुकटी चमकत होती, आणि वास असा की पोऱ्याने तोंड फिरवले.

"हे कधी बदललं होतंत?"

मी आठवून पाहिले. इंजिनाचे तेल मी वेळच्या वेळी बदलत असे. पुढच्या नळ्यांतही तेल असते आणि तेही बदलायचे असते, असे गाडीबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट छापलेले आहे. ते पान मी वाचले नव्हते.

"कधीच नाही," मी म्हणालो.

मिस्त्री रागावले नाहीत. मुलाच्या वहीत पास होण्यापुरते गुण दिसावेत अशा आवाजात म्हणाले, "स्प्रिंगांना काय झालंय? या अजून चालल्या असत्या. तेल मेलंय तुमचं. बुश झिजलेत. सील गेलंय. नवी स्प्रिंग घातलीत नुसती, तर घोडा झाला असता गाडीचा."

मग त्यांनी मला जे समजावले ते माझ्या वर्षभराच्या अभ्यासात नव्हते. स्प्रिंग धक्का घेते, पण ठेवून घेत नाही. जेवढा घेते तेवढा परत देते. तिला एकटी सोडली तर दाबले की उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. हा हिशेब मिटवायला तेल असते. आतल्या नळीला बारीक भोके असतात. धक्का बसला की तेलाला त्यातून वाट काढावी लागते, आणि त्या खटपटीत धक्का जिरतो, त्याची ऊब होते. तेल पाण्यासारखे पातळ झाले की भोकांतून सुळकन निघून जाते, मग अडवणार कोण? मी इतकी वर्षे ज्याला गाडीचा मऊपणा समजत होतो तो हा होता.

दुसरी गोष्ट त्यांनी काचेवर दाखवली. टेबलाच्या जाड काचेचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला आहे. त्यावर त्यांनी नळ्या एकेक करून लाटल्या. डावी सरळ घरंगळली. उजवी लाटताना मध्येच किंचित डुगडुगली, पोळपाटावरच्या वाकड्या लाटण्यासारखी. "बसलाय मार कधीतरी," ते म्हणाले. "कधी पडला होतात?"

मी गोष्ट सांगितली. तीच, नेहमीची, खड्डा, पाणी, रात्र. ते हातातली नळी पुसत ऐकत होते.

"ब्रेक धरला होता?"

"म्हणजे?"

"खड्ड्यात गेलात तेव्हा पुढचा ब्रेक धरलेला होता का?"

मी म्हणालो, "असेल."

मिस्त्रींनी बाहेर उभी असलेली दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची मोटरसायकल स्टँडवरून उतरवली, पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी पुढे ढकलली. गाडीने मान खाली घातली. नळ्या निम्म्याहून अधिक आत गेल्या. "बघा. इथंच अर्धा संपला. आता खड्डा आला तर त्याला द्यायला उरलं काय? वर पुन्हा डबल सीट. मागच्या माणसाचं वजन एरवी मागं असतं. ब्रेक मारला की तेही पुढं येतं." त्यांनी ब्रेक सोडला; गाडीने मान वर केली. "ब्रेक खड्ड्याच्या आधी. खड्ड्यात हात मोकळा. चाकाला त्याचं काम करू द्यायचं."

माझ्या बुलेटचे पुढचे चाक वरखाली होऊ शकते ते एकंदर १३० मिलिमीटर. जेमतेम पाच इंच. त्या रात्री त्यातले किती मी माझ्या हाताने, भीतीने आवळून, आधीच खर्चून टाकले होते आणि हिचे ६१ किलो पुढे ओढून आणले होते, याचा हिशेब मी त्या गाळ्याच्या पायरीवर बसून करीत राहिलो. खट् हा आवाज कुठून आला ते आता कळले.

उजवी नळी आणि बुश मी कंपनीचेच घेतले. त्यासाठी चार दिवस मोडले. बाकीचे काम मात्र पाहण्यासारखे झाले. नवे ऑइल सील ठोकून बसवायला मिस्त्रींनी जुने सीलच वर ठेवले आणि त्यावर हलके हलके घाव घातले, म्हणजे नव्याच्या ओठाला इजा होत नाही. तेल दोन्ही नळ्यांत अगदी सारखे हवे. त्यासाठी मी घरून हिचा केक करण्याचा मापाचा पेला गुपचूप नेला होता, तो आता घरी परत नेता येणार नाही. स्प्रिंगेच्या दाट बाजूचे तोंड वर की खाली यावरून मात्र अर्धा तास गेला. शेजारचे दोन मेकॅनिक, एक टेम्पोवाला आणि मी, अशी सभा भरली. टेम्पोवाल्याचे म्हणणे खाली. चिठोऱ्यावर चित्र होते, दाट बाजू वर. मिस्त्री म्हणाले, "स्प्रिंगेला वर-खाली कळत नाही, ती दोन्हीकडून सारखीच दबते. पण जड बाजू वर असली तर चाकाबरोबर नाचणारं वजन कमी, म्हणून वर." सभा बरखास्त झाली.

स्प्रिंगेवर ठेवायचा तो तुकडा नळाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा कापला. ऑपेरा हाउसहून मिरवत आणलेल्या स्प्रिंगेच्या डोक्यावर प्लंबरचा पाइप! मला जरा वाईट वाटले. पण दोन टोकांना वॉशर घालून तो असा बसला की जणू त्याचीच वाट पाहत होता. ॲक्सल शेवटचा आवळण्याआधी मिस्त्रींनी गाडी चारदा दाबून सोडली, म्हणजे दोन्ही पाय आपापली जागा शोधून घेतात.

मग मापे. चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून वरच्या खुणेपर्यंत एक माप घेतले, आणि मी बसल्यावर दुसरे. गाडी ३६ मिलिमीटर बसली होती. नुसत्या बसण्याने एकूण जागेचा चौथा ते तिसरा हिस्सा खर्च व्हावा असा नियम आहे. थोडे खाली बसलेच पाहिजे. चाकाला खड्ड्यात उतरायलाही जागा लागते ना.

"आता डबलचं माप," मिस्त्री म्हणाले. "वहिनींना घेऊन या. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "पोऱ्याला बसवा की मागे."

"पोऱ्या चाळीस किलोचा आहे. तुम्ही काय पोऱ्याला फिरवणार आहात?"

घरी जाऊन मी हिला काय सांगितले ते सांगत नाही, कारण त्यात बरेचसे खोटे होते. पण घटस्थापना दोन दिवसांवर आली होती, हिला जांभळी नाक्याच्या बाजारात जायचेच होते, आणि मिस्त्रींचा गाळा वाटेपासून फार लांब नाही. संध्याकाळी ही हातात पिशवी घेऊन आली. पिशवीत मातीचा घट, सप्तधान्य आणि वर झेंडूची फुले होती. गाडीच्या हँडलला अडकवलेल्या हेल्मेटकडे हिचे लक्ष गेले.

"माझं हेल्मेट कशाला आणलंत?"

"त्याचंही वजन धरायचं असतं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी गाडी धरून ठेवली. मी बसलो. मागे क्षणभर काही हालचाल झाली नाही. मग गाडी थोडी डुलली, आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात आला. प्लास्टरमधून निघालेल्या त्या हाताची पकड पूर्वीपेक्षा सैल आहे, हे मला तेव्हा कळले.

मिस्त्रींनी खाली वाकून पट्टी लावली. डोळे बारीक करून दोनदा वाचली. "चाळीस," ते म्हणाले. "साहेब एकटे ३६, दोघं मिळून ४०. वहिनी, तुमचा भार पुढं एवढाच. चार मिलिमीटर."

"एवढाच?" ही म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

"एवढाच. मात्र साहेबांनी ब्रेक दाबला नाही तोवर," मिस्त्री म्हणाले आणि पोऱ्याला हाक मारत आत गेले.

आम्ही दोघे तसेच गाडीवर बसून राहिलो. समोर नाक्याच्या बाजूला देवीच्या मंडपाचे बांबू उभे राहत होते. मला मागे वळून बघता येत नव्हते, ही एक सोय होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मी ब्रेक मारला होता. खड्डा दिसला म्हणून घाबरून एकदम दाबला. म्हणून गाडी आपटली. नुसता खड्डा नव्हता तो."

"मला माहीत आहे," ही म्हणाली.

"कसं?"

"आधी मी तुमच्या पाठीवर आपटले. खड्डा नंतर आला."

वर्षभर मी ती गोष्ट निदान पन्नास जणांना सांगितली असेल, आणि त्यातल्या अर्ध्या वेळा ही शेजारीच बसलेली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

मिस्त्री पैशाचा हिशेब घेऊन बाहेर आले. तो चुकता केला. मग मी उतरण्यासाठी पाय उचलला, तर ही मागून म्हणाली, "उतरता कशाला? तलावपाळीवरून एक चक्कर मारून घरी जाऊ. पिशवी मी मध्ये धरते."

हिने हेल्मेट घातले. पिशवी माझ्या पाठीच्या आणि तिच्या मध्ये आली. टेंभी नाक्यावरून निघालो. रस्ता पावसाने उकरलेलाच होता. पहिला खड्डा दिसताच माझी बोटे आपोआप ब्रेकवर गेली. मी वेग आधीच उतरवला, आणि खड्डा चाकाखाली येण्याच्या क्षणी हात मोकळा सोडला. तो क्षण मला फार लांब वाटला. पुढचे चाक खाली गेले, वर आले, आणि थांबले. पुन्हा उसळले नाही. स्प्रिंगा एकट्याला जरा कडकच लागतात, हे मला नंतर कळले. त्या संध्याकाळी काही जाणवले नाही.

तलावपाळीला गाडी लावली. ही उतरली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिले, आणि दिव्याखाली जाऊन आधी पिशवीत डोकावली. झेंडूची फुले एकेक करून वर काढून पाहिली.

"चुरगळली नाहीत," म्हणाली.